दुसऱ्या क्षेत्रातून येऊन आयटीत मास्टर्स करायचंय? मग ॲडमिशनच्या आधी हे करून बघा

सगळ्यात आधी तासांचा हिशोब करा, फीचा नंतर. मी नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काम केलं आणि चौतिसाव्या वर्षी आयटीच्या मास्टर्सला ॲडमिशन घेतली, त्यामुळे हिशोब करायची सवय तर हाडात भिनलेली होती, पण तेव्हा मी फक्त पैशाचा हिशोब केला, वेळेचा केलाच नाही, आणि पहिल्याच सेमिस्टरला नोकरी सांभाळून तीन विषय घेऊन बसले. सहाव्या आठवड्यात एक विषय सोडावा लागला. विषय डोक्यावरून जात होता म्हणून नाही हं, आठवड्यात तेवढे तास शिल्लकच नव्हते.

हिशोब सोपा आहे. अमेरिकन पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, म्हणजे ३ क्रेडिटचा एक विषय घेतला की आठवड्याचे ९ तास गेले, दोन घेतले की १८. युरोपात ईसीटीएस नावाचे क्रेडिट असतात, तिथे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि दोन वर्षांची मास्टर्स बहुतेक १२० क्रेडिटची असते, म्हणजे एकूण ३,००० ते ३,६०० तास. ब्रिटनमध्ये एका वर्षाची मास्टर्स १८० क्रेडिटची, आणि तिथला एक क्रेडिट १० तासांचा, म्हणजे १,८०० तास. आता हे आकडे घेऊन आपल्या आठवड्यावर बसवून बघा, झोप, नोकरी, प्रवास, घरचं सगळं वजा करून खरंच किती उरतात ते. आणि हे तास ज्याचा पाया तयार आहे अशा विद्यार्थ्याला धरून मांडलेले असतात, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला सुरुवातीला दीडपट तरी धरावे लागतात असा माझा अनुभव. फुल टाइम नोकरी असेल तर पहिल्या सेमिस्टरला एकच विषय घ्या. एकच. दुसऱ्या सेमिस्टरला वाढवता येतो, पण पहिल्याच सेमिस्टरला ग्रेड घसरले की ते वर आणायला पुढे दीड वर्ष जातं.

नक्की कुठली डिग्री

आयटी, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं "कॉम्प्युटर" एवढंच दिसतं, मलाही दिसायचं. पण ही वेगवेगळी शिक्षणं आहेत. एसीएम आणि आयईईई या कम्प्युटर क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांनी २००५ साली कम्प्युटिंगचे पाच वेगळे अभ्यासक्रम मांडले होते, कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, आणि २०२० च्या आवृत्तीत त्यात सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्सची भर पडली.

ढोबळमानाने सांगायचं तर कॉम्प्युटर सायन्समध्ये अल्गोरिदम, सिद्धांत, गणित आणि भरपूर प्रोग्रॅमिंग. आयटीमध्ये तयार असलेल्या गोष्टी एकत्र जोडून चालू ठेवणं, म्हणजे नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस, क्लाउड, सिक्युरिटी. इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये निम्मं कॉम्प्युटर आणि निम्मं बिझनेस, म्हणजे कंपनीचं काम कसं चालतं आणि त्यासाठी सिस्टिम कशी लागेल याचा अभ्यास. पण नावावर अजिबात विसंबू नका. एका विद्यापीठाची एमएससी आयटी दुसऱ्याच्या कॉम्प्युटर सायन्सइतकी टेक्निकल असू शकते आणि तिसऱ्याची निव्वळ मॅनेजमेंटची निघते. वेबसाइटवर विषयांची यादी असते ती उघडा, सक्तीचे विषय कुठले ते बघा, आणि शक्य असेल तर त्या विषयांचा सिलॅबस आणि जुने असाइनमेंट शोधा. असाइनमेंट बघितलं की खरं कळतं. त्यात "रिपोर्ट लिहा" जास्त आहे की "बनवून दाखवा" जास्त आहे, एवढंच मोजलं तरी पुरे.

आता बाहेरच्यांसाठी असलेल्या डिग्र्या. ब्रिटनमध्ये यांना सरळ कन्व्हर्जन कोर्स म्हणतात, एक वर्षाची एमएससी, दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठीच बनवलेली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची एमसीआयटी (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) अशीच, ती २०१९ पासून ऑनलाइनही करता येते, एकूण १० कोर्स, त्यातले ६ पायाचे आणि ४ आपल्या आवडीचे. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा अलाइन नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात आधी ब्रिजचे, म्हणजे पाया भरून काढणारे विषय आणि मग मास्टर्सचे. भारतातल्या एमसीएलाही इतर शाखांचे पदवीधर जाऊ शकतात, फक्त बारावीला किंवा पदवीला गणित झालेलं असावं अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, ती आधी बघून घ्या. आणि जॉर्जिया टेकची ऑनलाइन मास्टर्स, जी २०१४ साली सुरू झाली आणि जिचं नाव सगळीकडे ऐकू येतं, ती मात्र कन्व्हर्जनची नाही. तिथे प्रवेश तुलनेने सहज मिळतो, पण पहिल्या वर्षभरात पायाच्या यादीतले दोन विषय किमान बी ग्रेडने पास करावे लागतात आणि अभ्यास प्रोग्रॅमिंग येतंय असं धरूनच सुरू होतो. आत शिरणं सोपं असलं की लोक तयारी न करता शिरतात आणि मग सहा महिन्यांत दमून बाहेर पडतात, हे मी अगदी जवळून बघितलंय, आणि त्यात माणसाची हुशारी कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो.

विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का हे त्या देशाच्या अधिकृत यादीत स्वतः जाऊन बघा, जाहिरातीत लिहिलंय म्हणून मानू नका.

तीन महिने ते काम करून बघा

माझं सगळ्यात ठाम मत कुठलं असेल तर हे. फॉर्म भरायच्या आधी तीन महिने, रोज एक-दीड तास, हे काम करून बघा. व्हिडिओ बघणं यात धरू नका, स्वतःच्या हाताने लिहून, चुकून, परत लिहून जे होतं तेवढंच धरा.

पहिल्या महिन्यात प्रोग्रॅमिंग. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स फुकट आहे आणि अगदी शून्यापासून सुरू होतो, आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन), मग सी, मग पायथन, आणि डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल. सी आलं की लोक विचारतात हे आजच्या काळात कशाला, पण मेमरी म्हणजे काय, व्हेरिएबल नक्की कुठे राहतो, हे एकदा सी मध्ये हात घालून कळलं की पुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि सिक्युरिटीचे विषय निम्मे सोपे होतात. पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांच्या आठवड्यात मी तब्बल दोन आठवडे अडकून होते. कागदावर चौकोन काढले, प्रत्येकाला पत्ता दिला, बाण काढले, तेव्हा कुठे कळलं. घाई असेल तर थेट पायथनपासून सुरुवात केलीत तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या महिन्यात एसक्यूएल आणि लिनक्सची कमांड लाइन, म्हणजे माउस न वापरता हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवणं. एसक्यूएलला लोक कमी लेखतात, मला ते बरोबर वाटत नाही. एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांमध्ये मांडायच्या पद्धतीवरचा पेपर १९७० चा, एसक्यूएलचा जन्म आयबीएममध्ये १९७० च्या दशकातला, आणि आजही जवळपास प्रत्येक कंपनीचा महत्त्वाचा डेटा तसल्याच टेबलांमध्ये असतो. एवढं टिकलेलं दुसरं कौशल्य या क्षेत्रात शोधून सापडायचं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये काम केलंय त्यांना तर हे फार लवकर जमतं, व्हीलूकअप समजतो त्याला जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, समजायला वेळ लागत नाही. कमांड लाइन आणि गिटसाठी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एमआयटीचा मिसिंग सेमिस्टर नावाचा छोटासा फुकट कोर्स आहे, तो नक्की करा, कारण मास्टर्सच्या वर्गात या गोष्टी कुणी शिकवत नाही, तुम्हाला येतात असं गृहीत धरतात, आणि पहिल्या असाइनमेंटला कोड लिहिण्यापेक्षा कोड सबमिट कसा करायचा यातच रात्र जाते.

तिसऱ्या महिन्यात आपल्या सध्याच्या कामातली एक छोटी कटकट घ्या आणि ती सोडवणारं काहीतरी बनवा. मी महिनाअखेरचं जुळवणीचं काम घेतलं होतं. दोन सिस्टिममधून येणाऱ्या फाइल, एकीत तारीख एका पद्धतीने, दुसरीत दुसऱ्या, पार्टीची नावं तीन-तीन प्रकारे लिहिलेली, आणि ते आम्ही हाताने जुळवत बसायचो. पायथनमध्ये त्याची स्क्रिप्ट लिहायला मला चार आठवडे लागले आणि पहिल्यांदा चालवली तेव्हा ती साफ चुकली कारण रकमेतले स्वल्पविराम मी काढलेच नव्हते. पण पुढच्या महिनाअखेरीला ती चालली. त्या दिवशी मला कळलं की मला हे काम आवडतंय. (ऑफिसचा खरा डेटा घरी नेऊ नका हं, खोटी नावं आणि खोट्या रकमा टाकून नमुन्याची फाइल बनवा आणि त्यावर काम करा.)

या तीन महिन्यांत बघायचं एकच. दोन तास एखादी चूक शोधून सापडली नाही, लॅपटॉप मिटला, झोपलात, आणि सकाळी उठल्यावर "अरे ते तिथे असेल का" असं मनात आलं तर पुढे जा. प्रत्येक वेळी लॅपटॉप उघडताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल तर तीन महिन्यांतच कळलं हे चांगलं झालं, फी भरल्यावर कळलं असतं तर फार महागात पडलं असतं.

गणिताची भीती

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की गणित सोडून पंधरा वर्षं झाली, जमेल का. आयटी आणि इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या मास्टर्सला कॅल्क्युलस फारसं लागत नाही. लागतं ते डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे सेट, लॉजिक, मोजणी, ग्राफ असलं. डेटा सायन्स किंवा मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर मात्र लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी टाळता येणार नाही, आणि तिथे तयारीला सहा महिने जास्तीचे धरा.

डिस्क्रीट मॅथ्समधलं गणित कसं असतं याचं एक उदाहरण देते. १० लाख नावांची क्रमवार लावलेली यादी आहे, त्यात एक नाव शोधायचंय. पहिल्यापासून बघत गेलात तर वाईटात वाईट १० लाख वेळा बघावं लागेल. पण मधलं नाव बघितलं, आपलं नाव त्याच्या आधी की नंतर ते ठरवलं, अर्धी यादी टाकून दिली, उरलेल्या अर्ध्यात परत तेच, असं केलं तर जास्तीत जास्त २० वेळा बघून नाव सापडतं, कारण २ चा २० वा घात १० लाखांच्या थोडा वर जातो. यादी दुप्पट केली, २० लाख नावं, तर किती वाढतं? फक्त एक. २१. लॉगॅरिदम शाळेत निव्वळ घोकलेलं असतं, ते कशासाठी आहे हे मला चौतिसाव्या वर्षी या उदाहरणात कळलं आणि फार आनंद झाला होता. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर कॉम्प्युटर सायन्ससाठीच्या गणिताचा पूर्ण कोर्स फुकट आहे, थोडा जड आहे, पण पहिले काही धडे जरी मन लावून केलेत तरी वर्गात दडपण येत नाही.

अर्ज

परीक्षांच्या तारखा उलट्या मोजा. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल दोन वर्षं चालतात, जीआरईचे पाच वर्षं, त्यामुळे उत्साहात फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका. जीआरई अनेक ठिकाणी आता मागतही नाहीत, ते प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर बघून ठरवा. जुन्या मार्कशीटच्या अधिकृत प्रती मागवायला मात्र आधी लागा, कारण जुन्या कॉलेजातून कागद निघायला किती वेळ लागेल ते कुणाच्याच हातात नसतं.

शिफारसपत्रं ही आपल्यासारख्यांची खरी अडचण. पंधरा वर्षांपूर्वी शिकवलेल्या सरांना आपण आठवत नसतो, आणि आठवत असलो तरी ते काय लिहिणार, मुलगी नियमित यायची एवढंच. यावर एक चांगला उपाय आहे. जवळच्या किंवा ऑनलाइन विद्यापीठातून प्रोग्रॅमिंगचा किंवा डेटाबेसचा, क्रेडिट मिळणारा एक विषय घ्या, ग्रेड मिळणारा, नुसतं सर्टिफिकेट नाही. मन लावून करा, शिक्षकांना प्रश्न विचारा, आणि त्यांच्याकडून पत्र घ्या. यात दोन कामं होतात, पत्रही मिळतं आणि जुने मार्क कमी असले तरी ताजा चांगला ग्रेड दाखवता येतो. दुसरं पत्र सध्याच्या साहेबांचं किंवा मॅडमचं, पण त्यांना "ही चांगली कर्मचारी आहे" असं लिहायला लावू नका, तुम्ही एखादी किचकट गोष्ट कशी शिकलात, कुठला गुंता कसा सोडवलात, ते लिहायला सांगा, आणि त्यासाठी आठवण म्हणून अर्ध्या पानाचे मुद्दे स्वतः लिहून द्या. ते खूश होतात, त्यांचं काम वाचतं.

जुने मार्क अगदीच कमी असतील तर असेही मार्ग आहेत जिथे मार्कशीट बघतच नाहीत. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाची कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरची कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स तशी आहे, सुरुवातीचे ठरलेले कोर्स ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले की प्रवेश. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते, विशीत कुणाचं काय चुकलं याचा हिशोब चाळिशीत कशाला मागायचा.

आता स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे ही डिग्री का करायचीय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, आणि यावर जरा जास्त बोलते कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. "मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे" असं लिहू नका. आवड होती तर तेव्हा का नाही केलं हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच. तंत्रज्ञानाने जग बदललंय, हेही नको. आपल्या कामातली एक खरी अडचण घ्या आणि तिथून सुरुवात करा. माझं पहिलं वाक्य साधारण असं होतं, की दर महिन्याच्या शेवटी माझ्या विभागातले चार लोक दोन दिवस एकच काम करतात, दोन याद्या डोळ्यांनी जुळवतात. मग पुढे मी काय करून बघितलं, स्क्रिप्ट कुठे चालली, आणि कुठे अडकले. अडकले हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. माझी स्क्रिप्ट फाइल छोटी असताना पटकन चालायची आणि मोठी झाली की तासभर घ्यायची, का ते मला कळत नव्हतं, आणि दोन जणांनी एकाच वेळी चालवली की आकडे बिघडायचे, तेही का ते कळत नव्हतं. म्हणजे मला डेटा स्ट्रक्चर (डेटा मेमरीत कसा रचायचा ते) शिकायचंय आणि डेटाबेस शिकायचंय, आणि तुमच्याकडे हे हे विषय आहेत. बास. यात आवड वेगळी सांगावीच लागत नाही, आणि क्षेत्र का बदलताय हेही वेगळं समजवावं लागत नाही, कारण तुम्ही जुन्या क्षेत्राला पाठ दाखवत नाही, तिथलाच एक प्रश्न घेऊन पुढे निघालाय.

जुनं क्षेत्र टाकून देऊ नका

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिलं वर्षभर मी अकाउंट्समधून आलेय हे वर्गात लपवत होते, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांसमोर आपण मागे आहोत असं वाटायचं. मग डेटाबेसच्या वर्गात ट्रान्झॅक्शन शिकवायला लागले. एक बदल झाला आणि दुसरा व्हायच्या आत मशीन बंद पडलं तर काय, म्हणून दोन्ही तरी व्हायचे नाहीतर एकही नाही. वर्गातली मुलं वहीत लिहून घेत होती आणि मला मात्र ते आधीच माहीत होतं, डेबिट पडलं आणि क्रेडिट पडलंच नाही तर ताळेबंद जुळणार कसा! तिथून माझं बदललं. नोंद खोडायची नाही, उलटी नोंद टाकायची, हा आमचा नियम, आणि सिक्युरिटीच्या विषयात ऑडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंदवही, आला तेव्हा तोच नियम समोर.

प्रत्येक क्षेत्रात असं काहीतरी असतं. नर्सला कुठला पेशंट आधी बघायचा हे कळतं, तिला प्रायॉरिटी क्यू (निकडीप्रमाणे लावलेली रांग) वेगळा शिकवावा लागत नाही, आणि हॉस्पिटलच्या सिस्टिम एकमेकींशी बोलतात त्यासाठी एफएचआयआर नावाचं स्टँडर्ड आहे, ते शिकलेली आणि वॉर्डात काम केलेली व्यक्ती फार थोडी सापडते. वकिलाला प्रायव्हसीचं क्षेत्र आहे, युरोपचा जीडीपीआर हा खाजगी माहिती जपण्याचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि तेव्हापासून कायदा आणि डेटाबेस दोन्ही कळणाऱ्यांना काम आहे. गोदामात काम केलेल्याला माल हलतो कसा ते माहीत असतं. शिक्षकाला अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते, आणि टीममध्ये ते किती कमी लोकांना येतं ते काम करायला लागल्यावर कळेल.

ग्रेस हॉपर यांचंच बघा, त्या गणिताच्या प्राध्यापक होत्या, व्हॅसर कॉलेजात शिकवायच्या, आणि १९४३ च्या डिसेंबरात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी अमेरिकन नौदलात दाखल झाल्या, तिथून त्यांना हार्वर्डच्या मार्क १ या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करायला पाठवलं. पुढे त्यांनी बनवलेल्या फ्लो-मॅटिक या भाषेवरून कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, जी धंद्याच्या कामासाठी, साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यावी अशी होती. वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून शिकवलेल्या बाईला मशीनची भाषा माणसाला वाचता आली पाहिजे असं वाटलं, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून प्रोजेक्ट निवडताना आपल्या क्षेत्रातला निवडा. वर्गात दहा जण चित्रपटांची शिफारस करणारं ॲप बनवतील. तुम्ही एकसारखी बिलं दोनदा भरली गेली असतील तर ती शोधणारं काहीतरी बनवा. इंटरव्ह्यूत त्यावर तुम्ही अर्धा तास बोलू शकता, आणि समोरच्याला कळतं की हे कुठून तरी उचललेलं नाही.

डिग्री कधी नको

सगळ्यांनाच डिग्री लागते असं मला वाटत नाही. सपोर्ट किंवा नेटवर्कच्या कामात लवकर शिरायचं असेल तर आधी कॉम्पटियाचं ए प्लस, नेटवर्क प्लस किंवा सिस्कोचं सीसीएनए ही सर्टिफिकेटं बघा, काही महिन्यांत होतं आणि काम सुरू होतं, डिग्री नंतर करता येते. सिक्युरिटीत जायचं म्हणून लोक थेट सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटच्या मागे लागतात, पण त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीने त्यातलं फार तर एक वर्ष कमी होतं, त्यामुळे सुरुवातीला ते डोक्यातून काढा, कॉम्पटियाचंच सिक्युरिटी प्लस पुरे. जिथे देश बदलायचाय, किंवा पुढे मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर जायचंय, किंवा पाया नीट शिकायचाय आणि एकट्याने शिस्त राहत नाही, तिथे मास्टर्सचा खरा उपयोग होतो. कर्ज काढून, नोकरी सोडून, घरात दुसरी कमाई नसताना करायची असेल तर मी तरी थांबा म्हणेन, पार्ट टाइम करा, जास्त वर्षं लागू द्या.

आणि कंपनी फी देत असेल तर जरूर घ्या, फक्त त्यानंतर किती वर्षं तिथेच राहायचं ही अट सही करायच्या आधी वाचा.

एआय आलंय मग आता कशाला

हे आता सगळेच विचारतात. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि तेव्हापासून साधा कोड लिहून मिळणं सोपं झालंय हे खरंच आहे. त्यामुळे नुसतं सिंटॅक्स (भाषेचं व्याकरण) येतं म्हणून नोकरी, हे दिवस राहिले नाहीत. पण लिहून मिळालेला कोड बरोबर आहे का, दोन जणांनी एकाच वेळी वापरला तर काय होईल, डेटा गळतो का, हे बघायला पाया लागतो, आणि पाया जुनाच आहे. इंटरनेट ज्यातून पुढे आलं त्या आर्पानेटने टीसीपी आयपी, म्हणजे कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचे नियम, १ जानेवारी १९८३ ला स्वीकारलं, आजही इंटरनेट त्यावरच चालतं.

शिकताना मात्र मी एक नियम पाळते. असाइनमेंटचा कोड एआयकडून लिहून घ्यायचा नाही, आधी स्वतः लिहायचा, चुकला तर त्याला विचारायचं की माझं कुठे चुकलं, आणि उत्तर सोडून फक्त हिंट दे असं सांगायचं. विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, काही ठिकाणी एवढंही चालत नाही, ते प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये वाचा. पण नियमाच्या पलीकडे बघितलं तर नुकसान आपलंच असतं, अडकून बसलेल्या त्या दोन तासांतच शिकणं होतं, ते दोन तासच दुसऱ्याला देऊन टाकले तर फी कशाची भरली?

नोकरी

शेवटच्या सेमिस्टरची वाट बघू नका. रेझ्युमेत जुना अनुभव खाली ढकलून देऊ नका, उलट त्यातलं सिस्टिमशी जोडलेलं काम वर आणा, नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा डेटा तुम्ही हलवला होता का, रिपोर्ट तुम्ही बनवायचात का, चुका तुम्ही शोधायचात का. हे सगळं आयटीचंच काम आहे, तेव्हा त्याला ते नाव नव्हतं एवढंच.

आणि सगळ्यात जवळचं दार बऱ्याचदा आपल्याच कंपनीत असतं. बाहेरच्या कंपनीला तुम्ही अनुभव नसलेले उमेदवार वाटता, आपल्या कंपनीतल्या आयटी टीमला तुम्ही अशी व्यक्ती वाटता जिला आतलं काम येतं आणि आता एसक्यूएलही येतं. माझं तसंच झालं. नवीन सिस्टिम येत होती आणि ती वापरणाऱ्यांनी तपासून द्यायची होती, याला यूएटी म्हणतात, आणि हे काम कुणालाच नको असतं कारण रोजच्या कामावर ते जास्तीचं येतं. मी हात वर केला. तीन आठवडे तपासलं, प्रत्येक चूक कुठल्या पायरीवर, कुठल्या आकड्याला, काय यायला हवं होतं आणि काय आलं, असं नीट लिहून दिलं. चार महिन्यांनी त्याच टीममध्ये बिझनेस ॲनालिस्टची जागा निघाली, तेव्हा माझी डिग्री अजून अर्धीच झाली होती. तुमच्याकडे पुढचं यूएटी कधी आहे, ते उद्या ऑफिसला गेल्यावर आयटीवाल्यांना विचारून घ्या.